हजेरीपटाची पाचवी ओळ

१

मुकादम रोज सकाळी सात वाजता तीन कामं करायचा: चहा प्यायचा, बायकोची बोलणी खायचा आणि हजेरीपट भरायचा. तीस वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. फार तर एखाद्या दिवशी बोलणी चहाच्या आधी यायची.

त्याच्याकडे एक गावरस्ता होता आणि चार माणसांची गँग. गावाच्या कडेला मुकादमाची खोली, खोलीला लागून अवजारांची शेड, आणि शेडसमोर पांढरा चुना फासलेला शून्य नंबरचा किलोमीटरचा दगड. तिथून रस्ता निघायचा तो आठव्या दगडाला, खाणकामगारांच्या वस्तीवर जाऊन संपायचा. वस्तीपुढे नुसता खडकाळ माळ. तिकडे कुणाचं काही काम नव्हतं.

रस्त्यांच्या खात्यात माणसांसारखी रस्त्यांचीही प्रतवारी असते. महामार्ग म्हणजे जावईबापू. त्याच्या अंगावर ओरखडा उठला तरी वरपासून खालपर्यंत धावपळ. जिल्हारस्ता म्हणजे मिळवता मुलगा. त्याची वर्षातून दोनदा तरी विचारपूस होते. आणि गावरस्ता म्हणजे दूरच्या नात्यातला कुणीतरी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर आठवणारा. खात्याच्या इंजिनीअर मॅडम मात्र हसून सांगायच्या, "मुकादम, असं काही नसतं. रस्त्याचा वर्ग त्याच्या दोन टोकांवरून ठरतो. तो कुठून निघतो आणि कुठे पोचतो, एवढंच बघतात."

हजेरीपटाचं रोज नवं पान. पानावर पाच छापील ओळी. चार ओळींत लांब्या, गप्प्या आणि दोघी जावा, थोरली आणि धाकटी, असे चार जण निळ्या शाईचे अंगठे द्यायचे. पाचवा माणूस कधीच निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्या रिकाम्या ओळीवर मुकादम पट्टीनं आडवी रेघ मारायचा. रिकामी ओळ तशीच सोडायची नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशीच बजावलं होतं. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

दुसरा एक नियम होता. एखाद्याचं काम संपलं की मुकादमानं त्याच्या ओळीत 'काम पूर्ण' असं लिहून सही करायची. मग त्या माणसानं मुकादम असेल तिथे येऊन शेवटचा अंगठा द्यायचा आणि मुकादमानं त्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजायचं. अंगठ्याचं कलम छापील होतं. पाण्याचं गँगनं आपल्या मनानं घातलेलं.

२

त्या बुधवारी हजेरीपट उघडलेला असतानाच लेकीचा फोन आला.

लेक आठव्या दगडापाशी, वस्तीवर राहायची. जावई खाणीत यंत्र चालवायचा. तीन वर्षांपूर्वी लेकीचे दिवस भरले तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावातल्या दवाखान्यात आणायला निघाले होते. पाचव्या दगडापाशी, खड्ड्यांच्या त्या माळेत, सगळं संपलं. तो तुकडा मुकादमाच्याच रस्त्याचा होता. त्यावर कुणी त्याला एक शब्द बोललं नव्हतं, बायकोसुद्धा नाही, आणि तेच त्याला आजवर सलत होतं.

"बाबा, डॉक्टरीणबाई तपासून गेल्या," लेक म्हणाली. "बाळ छान आहे. लाथा मारतंय! दोन आठवडे राहिलेत. पण हादरे अजिबात नकोत म्हणाल्या. आणि ऐका, दवाखान्याची गाडी थेट वस्तीवर पाठवणार आहेत. फक्त तुमच्या मॅडमनी रस्ता चांगला आहे असं लिहून द्यायला हवं."

"देतील! का नाही देणार?" मुकादम ओरडला. आनंदानं त्याला काय करू नि काय नको असं झालं. त्यानं लांब्याला मिठी मारली, ती त्याच्या पोटापर्यंतच पोचली. दोघी जावांनी टोपल्या वाजवल्या. गप्प्या, जो वर्षाला चार वाक्यं बोलायचा, त्यानं त्यातलं एक खर्च केलं: "नातूच होणार." बायको दारातून म्हणाली, "नाचून झालं असेल तर खड्डे बुजवा," आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

त्या गडबडीत हजेरीपट मिटला गेला, खुंटीला लागला, आणि पाचव्या ओळीवर रेघ मारायची राहून गेली.

मॅडम पुढच्या शुक्रवारी तपासणीला येणार होत्या. डांबराची पिंपं आणि खडीचा ढीग त्यांनी खटपट करून मिळवून दिला होता. पण आठ किलोमीटर, चार माणसं आणि हातात नऊ दिवस! मुकादमानं बोटांवर हिशेब मांडला आणि गुपचूप मोडला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हजेरीपट उघडला, तर कालच्या पानावर पाचव्या ओळीत अंगठा होता.

बाकीचे चार निळे. हा काळा, डांबराचा. मुकादमानं तो नखानं खरवडून पाहिला. जरासा चिकट होता.

"कुणाची मस्करी ही?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. "बाबा, कमाल केलीत! इथला वस्तीजवळचा अख्खा तुकडा गुळगुळीत! कधी आलात, कधी गेलात, चहाला तरी थांबायचं."

मुकादमानं "हो, हो" म्हणून फोन ठेवला. खाणीतल्या पोरांनी हौसेनं केलं असेल, असं त्याला वाटलं. खाणीत खडीला काय तोटा? डांबर कुठून आणलं, हा प्रश्न त्याला सुचला, पण त्यानं त्याकडे कानाडोळा केला. आनंदात असलेल्या माणसाला असे प्रश्न जरा उशिराच सुचतात.

त्यानं नवं पान भरलं. चार अंगठे झाले. पट्टी हातात घेतली, पाचव्या ओळीवर ठेवली, आणि पुन्हा उचलली. 'एक दिवस बघू तरी,' तो मनाशी म्हणाला.

शुक्रवारी सकाळी पाचव्या ओळीत काळा अंगठा होता आणि सातव्या दगडापर्यंत रस्ता झाला होता. खड्डे तर बुजलेच होते, पण बाजूची गटारं साफ, मोऱ्यांमधला गाळ उपसलेला, दगडांना चुना, आकडे काळ्या रंगात नीट काढलेले. मुकादम सायकलवरून जाऊन बघून आला. इतकं देखणं काम त्यानं उभ्या हयातीत केलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि थोडा रागही आला, जसा स्वयंपाक दुसऱ्यानं चांगला केला की येतो.

४

काम रोज एक दगड अलीकडे येत होतं. शून्याकडे.

रविवारी गँग चौथ्या दगडापाशी झाडाखाली जेवायला बसली होती. टळटळीत दुपार. गरम भाकरी, कांदा, धाकटीच्या सासूच्या गमती. थोरली हसता हसता एकदम थांबली.

"ऐकलंत?"

पुढच्या वळणापलीकडून आवाज येत होता. धुप. धुप. धुप. खडी ठोकून बसवायची धुम्मस जमिनीवर आपटल्याचा आवाज गँगमधल्या कुणाला सांगावा लागत नाही. त्यांचा जन्म त्या आवाजात गेलेला. फक्त धुम्मस उचलताना माणूस हुंकारतो. दहा ठोक्यांनंतर थांबतो, हात बदलतो, पाठीला हात लावतो. हा आवाज थांबत नव्हता आणि हुंकारतही नव्हता.

"आपल्या धुम्मस शेडमध्येच आहेत ना?" मुकादमानं विचारलं.

"दोन्ही इथे आहेत," लांब्या म्हणाला. एकीवर तो स्वतःच बसला होता.

सगळे वळणापर्यंत गेले. तिथे पोचताच आवाज थांबला. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना उघडं रान, लपायला झुडूप नाही. नव्या बुजवलेल्या खड्ड्यावर मुकादमानं तळहात ठेवला. डांबर ऊन होतं. हात उचलताना त्याच्या लक्षात आलं की हा पाचवा दगड. ती खड्ड्यांची माळ इथेच होती. आता तिथे इतकी सपाट जमीन होती की पाण्याचा पेला ठेवला तरी डचमळला नसता.

मुकादम तिथेच खाली बसला आणि रडला. तीन वर्षांनी. दोघी जावा त्याच्या दोन्ही बाजूंना बसून राहिल्या.

संध्याकाळी त्यानं हजेरीपट बायकोपुढे ठेवला. तिनं चष्मा लावला.

"अहो, या अंगठ्यात रेघा नाहीत."

खरंच नव्हत्या. काळा, गुळगुळीत ठिपका. सगळ्या दिवसांचे तसेच.

"आमचे पण जातात की," अवजारं ठेवायला आलेला लांब्या दारातून म्हणाला. "खडी उचलून उचलून. माझे बघा, निम्मे गेलेत." त्यानं अंगठा दाखवला. तीस वर्षांत त्याच्या निम्म्या रेघा गेल्या होत्या. पार सगळ्या जायला किती वर्षं काम करावं लागेल, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

"रेघ मारा त्या ओळीवर," बायको म्हणाली.

"मारतो. शुक्रवार होऊ दे."

तिनं चष्मा काढला. मग तिनंच हजेरीपट मिटला आणि खुंटीला टांगला. रेघ न मारता.

५

शुक्रवारी इंजिनीअर मॅडम मोटारसायकलवरून आठ किलोमीटर गेल्या, आठ किलोमीटर परत आल्या आणि शून्याच्या दगडापाशी उतरून त्यांनी तोंडात बोट घातलं.

"मुकादम, महामार्ग लाजेल हो! चार माणसांनी केलंत हे?"

मुकादमानं हजेरीपट पुढे केला. मॅडमनी नऊ पानं चाळली. "हा पाचवा कोण?"

"नवीन आहे," मुकादम म्हणाला.

"सोडू नका त्याला," मॅडम म्हणाल्या आणि तिथेच, दगडावर कागद ठेवून, रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचं लिहून दिलं.

दुपारी दवाखान्याची गाडी लेकीला आणायला गेली. मुकादम आणि त्याची बायको शून्याच्या दगडापाशी उभे राहिले. तासाभरात पांढरी गाडी वळणावर दिसली, अजिबात न हलता, न उडता, पाण्यावरून यावी तशी. लेक आत आडवी होती आणि चक्क हसत होती. "बाबा, मला मध्ये झोप लागली!"

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्यानं ड्रायव्हरचे दोन्ही हात धरले.

"माझं काय कौतुक?" ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या माणसाचं करा. आठव्या दगडाला हिरवं निशाण घेऊन उभा. सातव्याला बघतो तर पुन्हा उभा! सहाव्याला, पाचव्याला... मी गाडी चालवतोय आणि हा माझ्या पुढे कसा पोचतो? आडवाट आहे का एखादी?"

"आहे," मुकादम म्हणाला. आडवाट नव्हती. "दिसायला कसा आहे?"

ड्रायव्हर विचारात पडला. "खरं सांगू? निशाणच लक्षात राहिलं."

६

मुलगी झाली. गप्प्याचं वाक्य वाया गेलं आणि त्याबद्दल त्याला सगळ्यांनी महिनाभर छळलं. साडेतीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ, आणि आवाज असा की मुकादमीण म्हणाली, "हिला कर्ण्याची गरज नाही, सरळ रस्त्यावर उभी करा." मुकादमाचा आनंद खोलीत मावेना. तो कामावरून दिवसातून तीनदा घरी येऊ लागला. एकदा हातोडा विसरला म्हणून, एकदा टोपी, आणि तिसऱ्या वेळी कारण सांगायचंही सोडून दिलं.

लेक सहा आठवडे माहेरी राहिली. ते दिवस घरातल्या कुणाच्याही आयुष्यातले सगळ्यात चांगले होते.

पाचवी ओळ रिकामीच राहत होती. पहिले काही दिवस गडबड होती. मग मुकादमाला रेघ मारवेना. ज्यानं माझी लेक मला सुखरूप आणून दिली, त्याचं नाव असं पट्टी लावून खोडायचं? ते त्याला कृतघ्नपणाचं वाटे. रोज सकाळी काळा अंगठा हजर असे. ओला.

एकच गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. आठ किलोमीटरवर आता शोधूनही खड्डा सापडत नव्हता. गँग नुसती पानं झाडत होती. शेडमधली पिंपं मात्र रिकामी होत चालली होती. हा माणूस रोज कामावर येतोय, तर काम कुठे करतोय?

जावयाला विचारलं, तर तो फोनवर म्हणाला, "रस्ता मस्त चाललाय बाबा!" मुकादमाला वाटलं, त्यावरून गाड्या मस्त चालल्यात.

७

लेकीला परत पोचवायला दवाखान्याचीच गाडी मिळाली. ड्रायव्हर आता घरचा झाला होता. निघताना मुकादमिणीनं बाळाच्या पिशवीत हजेरीपट घातला. "लेक घरी पोचली की 'काम पूर्ण' लिहून टाका," ती हळूच म्हणाली. "उपकार फेडून झाले, की माणसाला मोकळं करावं."

सगळ्या वाटेवर मुकादम खिडकीतून दगड बघत राहिला. कुठेच कुणी नव्हतं. सहावा, सातवा. बाळ आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं. आठव्या दगडापाशी, लेकीच्या दारात, गाडी थांबली आणि त्यानं मोकळा श्वास घेतला.

मग त्यानं पुढे बघितलं. रस्ता संपला नव्हता.

लेकीचं घर रस्त्याचं शेवटचं घर होतं. आता ते रस्त्यावरचं एक घर होतं. तिच्या अंगणाच्या पुढून काळाभोर, रेखीव रस्ता खडकाळ माळावर निघाला होता. नववा दगड. दहावा. अकरावा. पांढरे ठिपके लहान लहान होत पार जिथे माळ खाली उतरतो तिथपर्यंत गेले होते. वस्तीतली पोरं त्यावर टायर पळवत होती. म्हातारे फेरी मारून येत होते. सगळे खुशीत.

"रोज थोडा पुढे जातो," जावई अभिमानानं म्हणाला. "खातंच करतंय ना?"

"कुठे पोचतो?" मुकादमानं विचारलं.

"पार टोकापर्यंत कोण जाणार? पण दोन दिवस झाले, तिकडून वारा येतो तो गार असतो."

माळाच्या उताराकडून आवाज येत होता. धुप. धुप. धुप. बाळ जागं झालं, त्यानं आवाजाकडे मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हसलं. सगळे टाळ्या वाजवून ओरडले. "हसली! हसली!" मुकादमही हसला, आणि त्याच्या मानेवर काटा आला. रस्त्याचा वर्ग त्याच्या दोन टोकांवरून ठरतो, हे त्याला आठवलं. एक टोक त्याच्या दाराशी होतं.

तो पायरीवर बसला. हजेरीपट उघडला. पाचव्या ओळीत त्यानं सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं: काम पूर्ण. खाली सही केली.

आवाज थांबला. अर्ध्या ठोक्यावर.

मुकादमानं खिशातून शाईचं पॅड काढून पायरीवर ठेवलं. मन विचित्र शांत होतं. भीती होती, आणि भीतीहून मोठी अशी कृतज्ञताही होती. "बाळाला आत ने गं," तो बायकोला म्हणाला. मग लेकीला म्हणाला, "आणि तू पाण्याचा तांब्या आण. आपला माणूस येतोय, लांबून येतोय."

नवव्या दगडापलीकडे, उन्हाच्या झळांमध्ये, खांद्यावर धुम्मस घेतलेलं कुणीतरी चालत येत होतं. चेहरा दिसत नव्हता. चाल गँगमधल्या माणसासारखी, काम आटोपल्यावर सगळ्यांची होते तशी, जड आणि समाधानी.

"अरे, हाच तो!" ड्रायव्हर आनंदानं ओरडला आणि त्यानं हात हलवला.

मुकादमानं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर माळाकडे बघत नव्हता. तो पाठीमागे, ज्या रस्त्यानं ते आत्ता आले त्या सातव्या दगडाकडे बघून हात हलवत होता.

मुकादमानं मांडीवरचा हजेरीपट मागे चाळायला सुरुवात केली. रोजचं नवं पान. प्रत्येक पानावर एक रिकामी ओळ, आणि प्रत्येक ओळीत एक अंगठा. तो इतके दिवस त्यांना एकाच माणसाचे समजत आला होता. नऊ पानं तपासणीआधीची. बेचाळीस नंतरची.

त्यानं मान वर केली. दहाव्या दगडापाशी एक जण होता. अकराव्यापाशी एक. आणि त्यामागे, माळ उतरतो तिथून, एकेक करून डोकी वर येत होती.

लेक तांब्या घेऊन दारात आली होती.

"तांब्या नको, बाळा," मुकादम म्हणाला. "घागर आण."